व्यावसायिक परिक्लांती

व्यावसायिक परिक्लांती : कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ टिकून राहिलेल्या आणि निवारण न झालेल्या ताणामुळे कर्मचाऱ्याची शारीरिक व मानसिक शक्ती, कामाविषयीची आस्था आणि स्वतःच्या कर्तृत्वावरील विश्वास ही तिन्ही क्षीण होत जाण्याची अवस्था. इंग्रजीत तिला ‘बर्नआउट’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत तिच्यासाठी परिक्लांती ही संज्ञा योजली आहे. दिवसभराच्या श्रमाने येणारा शीण रात्रीच्या झोपेने किंवा आठवड्याच्या सुटीने उतरतो. परिक्लांतीचे तसे नसते. सुटीत ती थोडी ओसरल्यासारखी वाटते, परंतु कामाची परिस्थिती तीच असल्यामुळे कर्मचारी रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत ती पूर्ववत होते. यावरूनच तिचे मूळ केवळ व्यक्तीच्या प्रकृतीत शोधणे अपुरे आहे, हे लक्षात येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने (२०१९ मध्ये संमत, १ जानेवारी २०२२ पासून अंमलात) परिक्लांतीला रोग न मानता ‘व्यवसायाशी निगडित घटना’ मानले असून ही संज्ञा जीवनाच्या इतर क्षेत्रांतील अनुभवांना लावू नये, असेही स्पष्ट केले आहे. [⟶ औद्योगिक मानसशास्त्र].

संकल्पनेचा उगम : जर्मनीत जन्मलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर (१९२६–९९) हे न्यूयॉर्क शहरातील आपला खाजगी व्यवसाय सांभाळून तेथील एका मोफत दवाखान्यात रात्री उशिरापर्यंत काम करीत. मादक द्रव्यांच्या आहारी गेलेल्या तरुणांवर तेथे उपचार होत. या दवाखान्यात स्वेच्छेने व मोठ्या उत्साहाने आलेले कार्यकर्ते काही काळातच थकलेले, चिडखोर, संशयी आणि रुग्णांविषयी कडवट बनतात, असे त्यांना आढळले. मादक द्रव्यांनी पोखरलेल्या माणसासाठी त्या वस्तीत वापरला जाणारा शब्द त्यांनी कर्मचाऱ्यांना लावला आणि १९७४ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. ते स्वतःही या अवस्थेतून गेले होते. ज्यांची निष्ठा सर्वांत अधिक तेच आधी कोलमडतात, हे त्यांचे निरीक्षण पुढे फार प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील सामाजिक मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लाक (१९४६–    ) या, भावना हेलावून टाकणाऱ्या प्रसंगांना रोज सामोऱ्या जाणाऱ्या परिचारिका, डॉक्टर, समाजसेवक इत्यादींच्या मुलाखती घेत होत्या. रुग्णशय्येपासून सुरू झालेला हा विचार नंतर शिक्षक, पोलीस, कारकून, संगणक-अभियंते व कारखान्यातील कामगार यांनाही लागू करण्यात आला.

घटक व मापन : मॅस्लाक व सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २२ विधानांच्या प्रश्नावलीमुळे परिक्लांतीचे तीन घटक सर्वमान्य झाले. पहिला भावनिक शक्तिपात. द्यावयाचे ते सर्व देऊन झाले आणि आता जवळ काही उरले नाही, ही भावना. दुसरा दुरावा, समोरच्या रुग्णाला, विद्यार्थ्याला किंवा अर्जदाराला माणूस म्हणून न पाहता ‘खाट क्रमांक’ किंवा ‘प्रकरण’ म्हणून पाहण्याची वृत्ती. तिसरा, आपल्या हातून काही सार्थ घडत नाही, हा निरर्थकतेचा प्रत्यय. यांतील दुरावा हा नीट समजून घेतला पाहिजे. बाहेरून तो निव्वळ उद्धटपणा दिसतो व नागरिकांचा रोष ओढवून घेतो. परंतु पुष्कळदा ती स्वसंरक्षणाची एक रीत असते. शंभर जणांच्या रांगेतील प्रत्येकाचे दुःख मनाला लावून घेणे शक्य नसते, म्हणून कर्मचारी कोणाचेच लावून घेत नाही.

मापनाविषयी मात्र सावधगिरी आवश्यक आहे. किती गुणांना परिक्लांती समजावयाचे, याबाबत एकमत नाही. डॉक्टरांविषयीच्या १८२ अभ्यासांचा २०१८ मध्ये जो आढावा घेण्यात आला, त्यात परिक्लांतीच्या किमान १४२ निरनिराळ्या व्याख्या आढळल्या आणि तिचे प्रमाण शून्यापासून ८०·५ टक्क्यांपर्यंत कोठेही असल्याचे दिसले. तेव्हा ‘अमुक टक्के कर्मचारी परिक्लांत आहेत’ अशा प्रकारच्या वृत्तांना फारसा अर्थ राहत नाही. विषाद या मनोविकाराशी परिक्लांतीचे लक्षणसाम्य बरेच असल्याने ती स्वतंत्र अवस्था आहे की नाही, हाही वाद चालू आहे. एकाच प्रश्नावलीने दोन विभागांची तुलना केल्यास मिळणारी माहिती अधिक विश्वसनीय असते आणि कारणमीमांसेला तीच उपयोगी पडते.

कामाच्या मागण्या व निर्णयस्वातंत्र्य : काम जास्त म्हणून माणूस खचतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. स्वतःच्या शेतावर सुगीत राबणारा शेतकरी किंवा प्रयोगशाळेत रात्री जागवणारा संशोधक यांचे श्रम अपार असतात, तरी ते परिक्लांत होतातच असे नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये स्वीडन व अमेरिका येथील कामगारांच्या पाहण्यांच्या आधारे असे दाखविले, की कामाची निकड आणि ते कसे, केव्हा व कोणत्या क्रमाने करावयाचे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य या दोन गोष्टी एकत्रच पाहावयास हव्यात. निकड मोठी व स्वातंत्र्यही मोठे असेल, तर माणूस शिकतो, वाढतो. निकड मोठी आणि स्वातंत्र्य नगण्य असेल, तर ताण शरीरात व मनात साचत जातो. सरकत्या पट्ट्यावरील जुळणी कामगार हे दुसऱ्या प्रकारचे ठळक उदाहरण होय. १९८८ मध्ये जेफ्री जॉन्सन व एलन हॉल यांनी यात सहकारी व वरिष्ठ यांच्या आधाराची भर घातली. मागणी मोठी, स्वातंत्र्य थोडे आणि पाठीशी कोणी नाही, ही स्थिती सर्वांत घातक ठरते.

लंडनमधील २० शासकीय खात्यांतील १०,३०८ कर्मचाऱ्यांची जी दीर्घकालीन पाहणी १९८५ मध्ये सुरू झाली, तिचे निष्कर्ष या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. हृदयविकार हा वरिष्ठांना जबाबदारीच्या ओझ्याने होणारा रोग, असा पूर्वीचा लोकसमज होता. प्रत्यक्षात कनिष्ठ श्रेणींत त्याचे प्रमाण अधिक आढळले आणि आपल्या कामावर आपले नियंत्रण नाही, हे त्याच्याशी संबंधित असलेले एक महत्त्वाचे कारण दिसून आले. ही पाहणी परिक्लांतीची नव्हती. परंतु नियंत्रणाचा अभाव हा मनाला बोचणारा अपमान एवढाच नसून देहावरही परिणाम करतो, हे तिने दाखविले.

सेवाव्यवसायांत मागणीचा आणखी एक प्रकार असतो. आर्ली हॉख्शील्ड या समाजशास्त्रज्ञ विदुषीने विमानातील परिचारिकांचा अभ्यास करून १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. उतारूशी हसतमुखाने वागणे हा तेथे स्वभावाचा नव्हे, नोकरीचा भाग असतो. आत संताप आणि चेहऱ्यावर स्मित हे अंतर रोज राखावे लागते. हे श्रम कामाच्या तासांत कोठे नोंदले जात नाहीत. दूरध्वनीवरून परदेशी ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या भारतीय तरुण-तरुणींच्या वाट्याला तर रात्रपाळी व परकी उच्चारपद्धती यांसह ते येतात.

मागण्या कशा वाढतात, हेही पाहण्याजोगे आहे. पुष्कळदा कोणी जाणूनबुजून काम वाढवीत नाही. रिक्त पद भरले जात नाही, निवृत्त लिपिकाचे टेबल दुसऱ्याकडे ‘तात्पुरते’ सोपविले जाते, नवा अहवाल सुरू होतो पण जुना बंद होत नाही. संगणक आला तरी कागदी नोंदवही चालूच राहते आणि एकच माहिती दोनदा भरावी लागते. भ्रमणध्वनीने तर कार्यालयाची वेळ घरापर्यंत नेली. अशा प्रत्येक निर्णयाला त्या त्या वेळी सबळ कारण असते. त्यांची बेरीज मात्र कोणाच्याच टिपणीत येत नाही, ती एकट्या कर्मचाऱ्याच्या अंगावर पडते.

मनुष्यबळाच्या तुटवड्याचा परिणाम लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांच्या अभ्यासात (२००२) मोजला. एका परिचारिकेकडे सोपविलेल्या रुग्णांत एकाची भर पडली, की तिला परिक्लांती येण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि शस्त्रक्रिया झालेला रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत असल्याचे आढळले. परिक्लांती ही कर्मचाऱ्याची खाजगी बाब नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल. कॅलिफोर्निया राज्याने प्रत्येक परिचारिकेमागे रुग्णांची कमाल संख्या निश्चित करणारा कायदा १९९९ मध्ये केला व तो २००४ पासून अंमलात आला.

मोबदला, न्याय व मूल्ये : समाजशास्त्रज्ञ योहानेस झीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये श्रम व मोबदला यांतील असमतोलावर भर दिला. मोबदला म्हणजे केवळ वेतन नव्हे. मान, नोकरीची शाश्वती आणि बढतीची आशा हेही त्यात येते. मॅस्लाक व मायकेल लायटर यांनी १९९७ मध्ये व्यक्ती व काम यांच्यात ज्या बाबतींत विसंगती निर्माण होते त्या सांगताना कामाचा बोजा, नियंत्रण व मोबदला यांबरोबरच सहकाऱ्यांचा समूह, न्याय्य वागणूक आणि मूल्ये यांचाही समावेश केला. यांपैकी मूल्यांच्या संघर्षाची चर्चा सर्वांत कमी होते. ज्या शिक्षकाला मुलांना वाचावयास शिकवावयाचे आहे, त्याचा दिवस तक्ते व माहिती भरण्यात जात असेल, तर त्याचा थकवा तासांच्या हिशोबाने समजत नाही; आपण ज्यासाठी या व्यवसायात आलो तेच करता येत नाही, याचा तो थकवा असतो.

महाराष्ट्रासह देशभरातील ‘आशा’ सेविकांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००५ मध्ये ही योजना सुरू झाली. साधारणपणे एक हजार लोकसंख्येमागे त्याच गावातील एक स्त्री निवडावी, तिने गरोदर स्त्रिया व बालके यांची नोंद ठेवावी, प्रसूतीसाठी स्त्रियांना दवाखान्यात न्यावे, लसीकरणास लोकांना गोळा करावे, अशी मूळ कल्पना होती. ती कर्मचारी नव्हे तर स्वयंसेविका समजली गेली व तिला कामागणिक मोबदला ठरविण्यात आला. पुढे कामांची यादी वाढत गेली. कोव्हिडच्या साथीत २०२० च्या सप्टेंबरात राज्याने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम काढली, तेव्हा घरोघरच्या पाहणीची धुरा मोठ्या प्रमाणावर त्यांच्यावरच होती. आजारी घरात शिरावयाचे, गावकऱ्यांचा संशय सोसावयाचा आणि पुन्हा स्वतःच्या घरी मुलाबाळांत परतावयाचे, असे हे काम होते. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशांनी मोबदल्यासाठी संप केला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. गावातील आपलेपणा व कामाचा प्रत्यक्ष उपयोग या त्यांच्या जमेच्या बाजू होत. पण जिचे काम पूर्णवेळ नोकरीसारखे आणि दर्जा मात्र स्वयंसेविकेचा, तिला रजा, निवृत्तिवेतन वा बढती यांचा हक्क कोठे मागावा हेच उमगत नाही. गौरव हा मोबदल्याचा एक भाग असला, तरी तो उरलेल्या भागांची जागा घेऊ शकत नाही.

वरील निरनिराळे विचारप्रवाह एव्हांगेलिया डेमेरूती, आर्नोल्ड बॅकर व त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये एका प्रतिमानात एकत्र आणले. त्यांच्या मते मागण्या वाढल्या, की शक्तिपात होतो. साधने—म्हणजे स्वातंत्र्य, आधार, योग्य माहिती, न्याय्य वागणूक इ.—कमी पडली, की दुरावा उत्पन्न होतो. यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. ज्या कामातील मागणी कमी करणे अशक्य आहे, उदा., अपघात विभाग अथवा अग्निशमन दल, तेथेही साधने वाढवून हानी रोखता येते.

व्यक्तीचा भाग : एकाच कचेरीतील सर्व कर्मचारी सारखे खचत नाहीत. अतिपरिपूर्णतेचा हव्यास, चिंताशील स्वभाव, घरातील आजारपण, स्त्रियांच्या बाबतीत नोकरीनंतरचे घरकाम यांमुळे कोणी आधी तर कोणी नंतर थकतो. परंतु कोण आधी थकेल, हे स्वभाव सांगतो. किती जण थकतील, हे मुख्यत्वे कामाची रचना सांगते. हा भेद न केल्याने अनेक संस्थांत परिक्लांतीवरील उपाय म्हणून ध्यानधारणेची शिबिरे व व्याख्याने तेवढी योजली जातात. त्यांनी काहींना बरे वाटते, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र बारा तासांच्या पाळीनंतर सक्तीने भरविलेला ताणमुक्तीचा वर्ग हा कर्मचाऱ्याच्या दृष्टीने तेराव्या तासाची पाळीच होय. डॉक्टरांबाबत झालेल्या प्रयोगांच्या २०१७ मधील एका एकत्रित विश्लेषणात, व्यक्तीवर केंद्रित उपायांपेक्षा कामाचे वेळापत्रक, बोजा किंवा कार्यपद्धती बदलणारे उपाय अधिक परिणामकारक आढळले. अर्थात, दोन्हींचा परिणाम मर्यादितच होता.

रचनाबदलाचे प्रयोग : परिक्लांती हा शब्द रूढ होण्यापूर्वीच कामाच्या रचनेचा प्रश्न लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेने हाती घेतला होता. इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत यांत्रिक पद्धत आल्यावर जुन्या छोट्या, स्वयंपूर्ण टोळ्या मोडल्या आणि त्याबरोबर गैरहजेरी व मानसिक तक्रारी वाढल्या, असे एरिक ट्रिस्ट व केन बॅमफोर्थ यांनी १९५१ मध्ये दाखविले. याच संस्थेच्या ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये तत्कालीन मुंबई राज्यातील अहमदाबाद येथील कॅलिको गिरणीत प्रयोग केला. तेथे स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन व कापडाचा दर्जा अपेक्षेप्रमाणे नव्हता. वेळ व हालचाली यांचे मापन करून कामाचे बारीक तुकडे पाडलेले होते. कोणी फक्त धागा जोडी, कोणी फक्त कांड्या भरी, कोणी तेल घाली. प्रत्येकाच्या वाट्याला मागांची वेगळी संख्या येई आणि एकाचा दुसऱ्याशी स्थिर संबंध नसे. सूत वारंवार तुटू लागले, की सर्वांवरच भार येई, पण कोणी कोणाच्या मदतीस बांधलेला नव्हता. मागांच्या एका गटाची संपूर्ण जबाबदारी एका लहान टोळीवर सोपवावी, अशी सूचना राइस यांनी मांडताच कामगारांनी ती उचलून धरली व टोळ्या आपल्या आपणच बनविल्या. आरंभीच्या अडचणींनंतर उत्पादन वाढले व खराब मालाचे प्रमाण घटले. यंत्रे तीच होती, माणसेही तीच होती. एरिक मिलर यांनी १९७० मध्ये पुन्हा पाहणी केली, तेव्हा एके ठिकाणी टोळीपद्धती चांगली टिकून होती. इतरत्र मात्र बाजारपेठेचे दडपण व बदललेला माल यांमुळे ती जुन्या वळणावर गेलेली दिसली. व्यवस्थापनाचे सातत्य नसेल, तर चांगली रचनाही आपोआप टिकत नाही.

कामाच्या तासांवरील मर्यादा हा उपायाचा जुना मार्ग होय. भारतात १९४८ च्या कारखाना अधिनियमाने प्रौढ कामगारासाठी दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची कमाल मर्यादा घातली. पोलीस, निवासी डॉक्टर यांसारखे व्यवसाय तिच्या कक्षेबाहेर राहिले. अमेरिकेत निवासी डॉक्टरांचा आठवडा ८० तासांवर आणण्याचा नियम न्यूयॉर्क राज्यात १९८९ मध्ये व देशभर २००३ मध्ये झाला. ही मर्यादा ‘सुधारणा’ म्हणून आली, यावरूनच पूर्वीच्या स्थितीची कल्पना येते. भारतातील पोलीस ठाण्यांविषयी २०१४ मध्ये पोलीस संशोधन व विकास केंद्रासाठी झालेल्या अभ्यासात सुमारे ९० टक्के कर्मचारी दिवसाला आठ तासांहून अधिक काम करीत असल्याचे आढळले.

मुंबईतील देवनार पोलीस ठाण्यात मे २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा जो प्रयोग सुरू झाला, तो या पार्श्वभूमीवर महत्त्वाचा आहे. तोपर्यंत बारा तासांची पाळी रूढ होती आणि ती आठ तासांची करावयाची तर मनुष्यबळ बरेच वाढवावे लागेल, हा ठरलेला आक्षेप होता. त्याच ठाण्यातील एका पोलीस शिपायाने उपलब्ध संख्येतच पाळ्या कशा बसवता येतील, याचा आराखडा तयार केला व तत्कालीन पोलीस आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी तो प्रयोगादाखल स्वीकारला. नंतर तो शहरातील इतर ठाण्यांत नेण्यात आला. कामाची रचना ज्याला सर्वांत जवळून ठाऊक आहे त्याच्याकडून बदल सुचला आणि वरिष्ठाने तो ऐकला, ही यातील विशेष गोष्ट होय. अहमदाबादच्या विणकरांप्रमाणेच येथेही तास कमी होण्याइतकेच, वेळापत्रक आपल्यातून आले याला महत्त्व होते. सणासुदीचा बंदोबस्त, निवडणुका व अतिमहत्त्वाच्या व्यक्तींचे दौरे या काळात हे वेळापत्रक पाळणे अवघड जाते; आणि ज्या ठाण्यात मंजूर पदेच भरलेली नाहीत, तेथे दोनाच्या तीन पाळ्या करताना प्रत्येक पाळीतील माणसे कमी होतात व त्यांच्या आठ तासांतील भार तेवढाच वाढतो.